नोटेची मागची बाजू

परवा रविवारी द्वारकेच्या चौकात आमची रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली. नाशिककरांना यात नवीन काही नाही. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते, ही कृष्णाची द्वारका नव्हे, आमची. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता इथे येऊन मिळतो, डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि खाली आम्ही सगळे एकमेकांकडे रागाने बघत हॉर्न वाजवत बसतो. लग्न झाल्यापासून मी द्वारकेजवळच राहते. बाबा नाशिकरोडला. म्हणजे इथून पुणे रस्त्याला लागलं की सरळ शेवटपर्यंत. पण आधी चौक सुटायला हवा ना...

तर चौक सुटेना आणि आमच्या कन्यारत्नाला कंटाळा आला. तिने माझी पर्स उघडली आणि त्यातल्या नोटा मांडीवर उलट्या मांडायला सुरुवात केली. उलट्या म्हणजे गांधीजी खाली, चित्र वर. शाळेत प्रकल्प मिळाला होता: 'आपल्या नोटांवरील वारसास्थळे'. तक्ता करायचा, चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहायच्या.

"दहावर कोणार्कचं चाक. वीसवर वेरूळ. पन्नासवर हंपीचा रथ. शंभरवर राणी की वाव. दोनशेवर सांचीचा स्तूप. पाचशेवर लाल किल्ला." तिने घडाघडा म्हणून दाखवलं. रिक्षावाले काका आरशातून बघून म्हणाले, "ताई, पैसे सांभाळा, वारं आहे."

मग तिने विचारलं, "आई, आपलं नाशिक कुठल्या नोटेवर आहे?"

मी म्हटलं, "अगं, नाशिकला तर नोटा छापतात. तुझे आबा तिथेच होते."

"छापतात ते नाही गं. चित्र. आपलं चित्र कुठे आहे?"

तेवढ्यात चौक सुटला आणि मी उत्तर द्यायची वाचले. पण ही पोस्ट लिहायला बसले आहे ती त्या प्रश्नामुळेच. आत्या, काका, तुम्हीही हे वाचता हे मला माहीत आहे. माझं काही चुकलं असेल तर फोन करून सांगा, खाली लिहू नका :)

थोडी पार्श्वभूमी सांगते. इंग्रजांच्या काळात सरकारी नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, तिथे तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापायला लागले. १९२८ साली शेजारीच करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि पाच रुपयांच्या नोटेने भारतातल्या छपाईला सुरुवात झाली. आज देशात चार ठिकाणी नोटा छापतात: नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. त्यात आमची सगळ्यात जुनी. नाशिकमध्ये कुणी नुसतं "प्रेसमध्ये आहे" म्हटलं की ऐकणारा वर्तमानपत्राची प्रेस समजत नाही.

बाबा १९७४ साली प्रेसमध्ये लागले आणि २००९ साली निवृत्त झाले. काम तपासणीचं. छापलेले मोठे ताव समोर यायचे, त्यात शाई फाटली आहे का, रेघ सरकली आहे का, आकडा नीट उमटला आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. दिवसभर. पस्तीस वर्षं.

शाळेत मुलं मला म्हणायची, "तुझे बाबा नोटा छापतात, मग तू जुना गणवेश का घालतेस?" मी रडत घरी यायचे. आई म्हणायची, "त्यांना सांग, हलवाई काय सगळे पेढे घरी आणतो का?" आमच्या घरी नोटा एक तारखेला यायच्या आणि वीस तारखेपर्यंत संपायच्या. बाबा कामाबद्दल काही बोलत नसत. आत काय चालतं, किती छापतात, कुठून कागद येतो, काही नाही. पाहुणे खोदून विचारायचे तेव्हा बाबा चहाचा कप उचलून म्हणायचे, "साखर बरोबर आहे ना?"

पण एक गोष्ट ते करायचे. हातात आलेली कुठलीही नोट ते आधी उलटी करून बघायचे. दुकानदाराने सुटे दिले की सगळे जण आकडा बघतात. बाबा मागचं चित्र बघायचे. आणि आम्हा भावंडांना विचारायचे, "सांगा, एकच्या नोटेवर काय आहे?"

आम्ही ओरडायचो, "समुद्रातली तेलविहीर!"

"दोनवर?"

"आर्यभट!"

"पाचवर?"

"ट्रॅक्टर!"

"आणि एकच्या नोटेवर सही कुणाची?" इथे हमखास कुणीतरी गव्हर्नर म्हणायचं आणि फसायचं. कारण एक रुपयाची नोट भारत सरकारची, त्यावर अर्थसचिवांची सही असते, आणि 'मैं धारक को' हे वचनही नसतं.

ज्यांचा जन्म नव्वदनंतरचा आहे त्यांना ही चित्रं आठवणार नाहीत. १९७४ साली मुंबईजवळ समुद्रात तेल सापडलं, आणि तेल शोधणारा 'सागर सम्राट' एक रुपयाच्या नोटेवर आला. १९७५ साली आर्यभट अवकाशात गेला आणि दोनच्या नोटेवर बसला. शंभराच्या नोटेवर हिराकूड धरण होतं. म्हणजे त्या वेळी देशाला आपलं चित्र काढायला सांगितलं तर देश धरण काढायचा, ट्रॅक्टर काढायचा, उपग्रह काढायचा. उद्या काय होणार आहोत ते नोटेवर छापायचा. आज माझ्या पर्समधल्या सहाही नोटांवर जुनी देवळं, स्तूप, विहीर, किल्ला. काल काय होतो ते. मधल्या काळातली दोन हजारांची नोट काय ती मंगळयान घेऊन आली होती, ती २०२३ साली चलनातून मागे घेतली गेली. यात चांगलं-वाईट ठरवायला मी बसलेली नाही. पण आपण रोज खिशात घालून फिरतो ते देशाने स्वतःचं काढलेलं चित्र असतं, हे मला बाबांमुळे कळलं.

स्वातंत्र्यानंतर पहिला प्रश्न तोच होता म्हणे. राजाचं चित्र काढायचं, पण तिथे घालायचं काय? गांधीजींचा विचार झाला होता, पण शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ ठरला. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी अशोकाचे सिंह आले. नव्या नोटांवर हिंदी ठळकपणे छापायची तर 'रुपया'चं अनेकवचन काय, यावरही वाद झाला, आणि शेवटी 'रुपये' ठरलं. १९५४ साली मोठ्या नोटा आल्या तेव्हा हजारावर तंजावरचं देऊळ होतं आणि पाच हजारांवर आपलं गेटवे ऑफ इंडिया. ती पाच हजारांची नोट आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नसेल, आणि १९७८ साली ती बादही झाली. गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले १९६९ साली, जन्मशताब्दीला. ते बसलेले आणि मागे सेवाग्रामची कुटी. म्हणजे तेही आपल्या वर्ध्याचंच चित्र.

आणि एक गोष्ट, जी बाबांना त्यांच्या सीनियर मंडळींनी सांगितली होती. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. १९४८ च्या जूनअखेरपर्यंत आपली रिझर्व्ह बँकच त्यांचं चलन बघत होती. मग आपल्याच नोटांवर, राजाच्या चित्रासकट, 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा जादा ठसा मारून त्या तिकडे जायच्या. तो ठसा मारला जायचा इथे, नाशिकरोडला. फाळणीच्या सगळ्या गोष्टी मी पंजाब-बंगालच्या वाचल्या होत्या. त्यातली एक आमच्या पुणे रस्त्यावरही घडली होती हे मला चाळिशीत कळलं.

असो. मुद्द्यावर येते.

१९८७ साली पाचशेची नोट आली. पुढच्या बाजूला गांधीजी आणि मागे दांडीयात्रा. काठी घेतलेले गांधीजी पुढे आणि मागे चालणारी माणसं. दिल्लीतलं 'ग्यारह मूर्ती' हे शिल्प पाहिलं असेल तर साधारण तसंच. नोट आल्यावर काही महिन्यांनी बाबांच्या पगारात पहिल्यांदा पाचशेची नोट आली. बाबांनी ती सवयीने उलटी केली, बराच वेळ बघितली, आणि आईकडे न देता आधी दादांकडे नेली.

दादा म्हणजे माझे आजोबा. घरात सगळेच त्यांना दादा म्हणायचे. तेव्हा ते पंचाहत्तरीचे असतील, ओसरीवर खाटेवर बसलेले. बाबा म्हणाले, "दादा, हे बघा, नोटेवर मिरवणूक आलीय."

दादांनी नोट डोळ्यांजवळ धरली. "कुठली ही?"

"दांडीची. मिठाची."

"कधीची?"

"मार्च तीसची. बारा मार्च."

दादांनी नोट परत दिली आणि म्हणाले, "आमची दोन मार्चची. दहा दिवस आधी."

मी तिथेच अभ्यास करत बसले होते. मला वाटलं, दादांच्या लग्नाची वरात असेल!

नाशिकच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं, त्यात बायाही, शिस्तीत मिरवणुकीने पंचवटीत देवळाकडे गेली. देवळाचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाज्यांपुढे सत्याग्रही बसायला लागले. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षं चालवला. त्या वर्षी रामनवमीला रथावरून मारामारी झाली, दगड पडले. देऊळ उघडलं नाही. १९३५ साली, आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडणार असल्याचं जाहीर केलं.

माझे आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. निफाडकडच्या आपल्या गावाहून चालत आले होते, भाकरी फडक्यात बांधून. त्या मिरवणुकीत ते होते. नंतर दरवाज्यापुढेही बसले. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्या पाचशेच्या नोटेपुढे सांगितलं तेही एका वाक्यात. बाकीचं बाबांनी खूप नंतर सांगितलं.

ती पहिली नोट काही राहिली नाही. राहणार कशी? महिन्याभराचं वाणसामान होतं ते. दादा १९९१ साली गेले.

मग २०१६ आलं. ८ नोव्हेंबरची रात्र तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेलच. आईने आयुष्यभर तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत असे थोडे थोडे पैसे साठवले होते. सगळे बाहेर काढले. पाचशेच्या तेरा नोटा निघाल्या. आई त्या पुन्हा पुन्हा मोजत होती आणि बाबा एकेक उलटी करून बघत होते. बँकेत भरायला मी जाणार होते. सकाळी निघताना मोजल्या तर बारा.

"अहो, एक कुठे गेली?"

बाबा गप्प. मग म्हणाले, "एक राहू दे."

"राहू दे म्हणजे? तीस डिसेंबरनंतर तिचं काय, लोणचं घालायचं? गॅसचा एक सिलिंडर येतो त्यात!"

"राहू दे गं. चित्र आहे ते."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिची बाजू मला तेव्हाही कळत होती, आजही कळते. त्या तेरा नोटा तिने रिक्षाऐवजी पायी जाऊन जमवल्या होत्या. ज्या माणसाने पस्तीस वर्षं नोटा तपासल्या त्याला पाचशे रुपयांची किंमत कळू नये? मी रांगेत साडेतीन तास उभी राहिले आणि बारा नोटा भरल्या. (नंतर २०१७ साली कायदा आला त्यातही अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला मुभा आहे, तेव्हा बाबांना पकडायला कुणी येऊ नये.)

तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा आपणहून बोलले. आईकडे बघून नाही, ताटाकडे बघून. "दादांना देऊळ बघायला मिळालं नाही. ती मिरवणूक कुठे छापली जाणार नाही. दादांनी एकदा ही नोट हातात धरून 'आमची' म्हटलं होतं. आता हे चित्रही जाणार. म्हणून ठेवली."

आईने काही न बोलता त्यांच्या ताटात आमटी वाढली. नोटेचा विषय नंतर घरात निघाला नाही. आई २०२० मध्ये गेली. तिच्या कपाटात, तिच्याच साडीच्या घडीत, ती नोट होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नीट. बाबांनी कधी तिच्याकडे दिली, की तिनेच मागून घेतली, हे मी विचारलं नाही.

आता परवाचं सांगते.

नाशिकरोडला पोचल्या पोचल्या कन्यारत्नाने आबांपुढे प्रश्न टाकला, "आबा, आपलं चित्र कुठल्या नोटेवर आहे?"

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. नोटा आता ते बोटांनी ओळखतात. शंभराच्या कडेला चार उठावाच्या रेघा, पाचशेच्या कडेला पाच. शंभरावर उठलेला त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. त्यांनी शंभराची नोट घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "मागे बघ. भाषांची पट्टी आहे ना? वरून मोज, मराठी कितवी?"

तिने मोजलं. "आठवी."

"आणि एकूण किती?"

"पंधरा."

"म्हणजे सात वर, सात खाली, आणि मधोमध आपली. 'शंभर रुपये'. हे झालं एक."

इंग्रजी अक्षरांच्या क्रमामुळे ते तसं येतं हे मला माहीत होतं, पण मी गप्प बसले.

"आता पुढची बाजू. सिंह दिसतात? अशोकाचे. कोरलेत चार, दिसतात तीन. आधी पाण्याच्या ठशातही तेच असायचे, गांधीजी नंतर आले. अशोक कुणाचा? बुद्धाचा. म्हणजे आपला. दोनशेवर सांची. ती पण आपली. आणि वीसवर वेरूळ आहे, तिथे चित्र कैलास लेण्याचं, सोळा नंबरचं. पण चौतीस लेण्यांतली पहिली बारा बुद्धाची. पुढच्या सुट्टीत दहा नंबरचं लेणं बघू, आत आवाज कसा घुमतो ते बघ."

"मग बाबासाहेब कुठल्या नोटेवर?"

बाबा हसले. "ते नाण्यावर आले. १९९० साली रुपयावर, २०१५ साली दहाच्या नाण्यावर. नोटेवर नाहीत. पण १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनमध्ये जाडजूड पुस्तक काढलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या आधी. आणि नोटेवर जागा किती असते, बाळा? हाताच्या तळव्याएवढी. सगळा देश कसा मावेल?"

मग ते उठले, कपाटातून पिशवी आणली आणि ती जुनी पाचशेची नोट तिच्या हातात दिली. गोष्टही सांगितली. दादांची, भाकरीची, बंद दरवाज्याची. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि ऐकत होते.

आणि इथे मला जे लिहायचंय ते जरा अवघड आहे.

मी माझ्या मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. दहा वर्षांची आहे ती. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. द्वारकेला राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी गोड बोलत विचारलं होतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, निफाडकडच्या. त्यांना ते विचारायचं नव्हतं, मलाही ते कळलं होतं. गाव सांगून मी सुटले आणि मग तशीच सुटत राहिले. काळारामाच्या देवळावरून शंभरदा गेलो असू. मुलीने विचारलं तर मी "काळ्या दगडाचं जुनं देऊळ" एवढंच सांगायचे. मिरवणुकीतल्या माणसाची नात मी, आणि मी ती मिरवणूक पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती.

रात्री घरी आल्यावर तिने तक्ता पूर्ण केला. सहा नोटा, सहा चौकोन. रंग छान भरलेत, राणी की वाव जरा वाकडी झालीय. आणि खाली सातवा चौकोन काढला. त्यात बंद दरवाजा, समोर माणसांची रांग, आणि एका माणसाच्या हातात फडकं. खाली लिहिलं: 'माझे पणजोबा. २ मार्च १९३०. काळाराम मंदिर, नाशिक. हे चित्र अजून नोटेवर नाही.'

"आई, हे चालेल ना? बाईंनी फक्त नोटेवरची स्थळं सांगितली होती."

खरं सांगते, माझ्या तोंडावर आलं होतं की नको, विषयाला सोडून होतंय, सहाच ठेव. विषयाला सोडून नव्हतंच ते. तक्ता वर्गात लागणार. मुलं घरी सांगणार. काकूंची नातही त्याच वर्गात आहे. मी पेन्सिल हातात घेऊन बसले होते, आणि समोर ती जुनी नोट होती. बाबांनी ती तिला दोन दिवस बघायला दिली होती. आईची घडी अजून तिच्यावर दिसते.

बाबांनी एका चित्रासाठी आईचा राग सहन केला. आईने राग गिळून ते चित्र जपलं. आणि मी?

"'मंदिर' वर अनुस्वार राहिलाय," मी म्हटलं. "तो दे. बाकी चालेल."

आज सकाळी ती तक्ता गुंडाळून, रबर लावून घेऊन गेली. द्वारकेला रिक्षात चढवताना मी तिला सांगितलं, गर्दीत चुरगळू देऊ नकोस. शाळा सुटायला अजून दोन तास आहेत. मी आज स्वयंपाक लवकर उरकला आणि हे लिहीत बसले.

नोट मी पुन्हा साडीच्या घडीत ठेवली नाही. बाबांना फोन करून विचारलं, फ्रेम करू का? ते म्हणाले, "कर. पण मागची बाजू पुढे ठेव."